चौथं नाव

४ ऑगस्ट

ताई,

पत्राच्या सुरुवातीला काय काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं होतं. पण आपण दोघी एका पांघरुणासाठी भांडत वाढलेल्या. तुला मी साष्टांग नमस्कार लिहिला तर तूच म्हणशील, मुंगीला ताप आलाय. म्हणून थेट मुद्द्यावर येते.

तुझा पत्ता मला तुझ्या त्या वसतिगृहात राहणाऱ्या मैत्रिणीने दिला. तिच्यावर रागावू नकोस. मी तिचा इतका पिच्छा पुरवला की शेवटी ती म्हणाली, "पत्र लिही, पण जाऊन थडकणार नाहीस, आणि पत्ता कुणाला देणार नाहीस, असा शब्द दे." मी दिला. तेव्हा मी येणार नाही. नुसती लिहीन.

बातमी अशी, की मी विद्यापीठात प्रवेश घेतलाय. संज्ञापन आणि जनमाध्यमं. हो, तोच विभाग. तीच इमारत, तोच स्टुडिओ. हे वाचून तू पत्र फाडलंस तरी मला इथे कळणार नाही, म्हणून पुढे लिहिते.

बाबा बाजाररस्त्यावरून, चष्म्याचं दुकान बंद करून आले तेव्हा मी सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तुला माहितीये ना, एवढा वेळ पुसला की पुढे काय येतं ते.

"जगात दुसरा विषय उरला नाही का?"

"आहेत. पण मला हाच शिकायचाय."

"एकीने शिकून दिवे लावले, तेवढे पुरे नाहीत का?"

आई भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "तिला मध्ये आणू नका." तू गेल्यापासून या घरात तुझा विषय निघाला तो एवढाच. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी माझ्या टेबलावर नवा चष्मा होता. "आता सारखं पडद्यासमोर बसणार ना," एवढंच म्हणाले. काचा अगदी भारीतल्या आहेत.

पहिल्याच तासाला फळ्यावर एक आकृती काढली. डावीकडे सांगणारा, उजवीकडे ऐकणारा, मध्ये बाण, आणि बाणावर सगळी गिचमिड. ती गिचमिड म्हणजे म्हणे गोंगाट. सगळ्यांनी उतरवून घेतली. मला वाटलं, हे आपल्या घराचं चित्र आहे, फक्त बाण जरा जास्तच सरळ काढलाय.

मी हा विषय का घेतला ते तुला वेगळं सांगायला नको. तू टेबलाशी बसून बातम्या वाचायचीस आणि मी पलंगावर बसून सगळा देश व्हायचे. दुसरं काही व्हावंसं मला कधी वाटलंच नाही.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पत्र परत आलं नाही, म्हणजे तू तिथे आहेस, असं मी समजेन.

तुझी,
मुंगी


२३ ऑगस्ट

ताई,

पत्र परत आलं नाही.

मागच्या खेपेला एक गोष्ट मी लिहिली नव्हती. दोन ओळी लिहिल्या आणि खोडल्या. तू कागद उजेडात धरला असशील तर दिसल्याही असतील.

पहिल्या मजल्यावर, स्टुडिओकडे वळताना भिंतीवर चार फोटो लावलेत. व्हॅनच्या अपघातात गेलेले चौघं. खाली नावं आणि तारीख. कँटीनला जायचा रस्ता तोच, त्यामुळे सगळे तिथून बोलत-हसत जातात. मीही पहिल्या दिवशी तशीच चालले होते. मग शेवटच्या फोटोपाशी माझे पाय थांबले.

तो कान होता.

मी पाचवीत असेन. शाळेला सुट्टी होती, आई कुठे तरी गेली होती, म्हणून तू मला घेऊन स्टुडिओत आली होतीस. गळ्यात हे मोठाले हेडफोन अडकवलेला एक काटकुळा मुलगा होता. तू म्हणालीस, "हा कान. याचं खरं नाव याच्यासुद्धा लक्षात नाही." त्याने हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवले आणि म्हणाला, "आता मिनिटभर गप्प बसायचं. खोलीचा आवाज घ्यायचाय."

"खोलीला कुठे आवाज असतो?"

"ऐक तर खरं."

मी ऐकलं. पंख्याची घरघर होती. दिव्याची बारीक गुणगुण होती. आणि कुणाचा तरी श्वास. मी हळूच म्हटलं, "ही ताई आहे." तो म्हणाला, "मला माहितीये." आणि तू उगाचच कागद चाळायला लागलीस.

घरी येताना तू मला आइस्क्रीम घेऊन दिलंस. म्हणालीस, "कानाबद्दल घरी बोलायचं नाही हं." मी कधीच बोलले नाही. पण ताई, मला त्याचं खरं नाव माहीतच नव्हतं. अपघातानंतर सगळीकडे त्या चार नावांची चर्चा होती, आपल्या घरात तर दुसरं काही बोललंच जात नव्हतं, आणि त्यातलं एक नाव त्याचं आहे हे मला समजलं नाही. तू घर सोडलंस तेव्हा मला वाटलं, तू कानाकडे गेलीस. इतकी वर्षं मी तेच धरून चालले होते. मनातल्या मनात मी तुमचा संसारही लावून दिला होता. एक खोली, तिच्यात भरपूर वायरी, आणि तू त्याच्यावर ओरडतेस, की हा पसारा उचल आधी.

आता रोज त्या भिंतीवरून जाते. कँटीनला जायला दुसरा रस्ता आहे, पण जात नाही.

तू एकटीच गेलीस ना, ताई?

मुंगी


१४ सप्टेंबर

ताई,

हे लिहावं की नाही यावर दोन दिवस घालवले. पण तुझ्याबद्दलची गोष्ट तुझ्यापासून लपवायची, हे या घरात फार झालंय.

परवा निवेदनाचा तास होता. विभागप्रमुख मॅडमच घेतात. तुझ्या वेळेलाही त्याच होत्या. म्हणाल्या, "आज एक उदाहरण दाखवते. विभागाच्या वाहिनीवर संध्याकाळच्या बातम्या थेट चालू होत्या. तेवढ्यात खबर आली, की चित्रीकरणाला गेलेल्या आपल्याच व्हॅनला अपघात झालाय. चार विद्यार्थी गेले. निवेदिकेच्या हातात नावं दिली गेली. ती कशी वाचते ते नीट बघा."

चेहरा धूसर केला होता. पण कागदांची गड्डी टेबलावर दोनदा आपटून सरळ करायची तुझी सवय काही त्यांना धूसर करता आली नव्हती. 

तू पहिलं नाव वाचलंस. दुसरं. तिसरं. आवाज जरा खाली गेला होता, पण शब्द न् शब्द स्वच्छ. मग चौथं नाव आलं. तू ते अर्धं म्हणालीस, आणि तो आवाज आला. खांदे हलले. तिथेच क्लिप संपली. फोनोफोनी फिरली आणि जगाने पाहिली ती तेवढीच.

मागून कुणीतरी म्हणालं, "बापरे, हसते काय." दोघं-तिघं खुदखुदले. मॅडम म्हणाल्या, "ताण असह्य झाला की काही लोकांना हसू येतं. निवेदकाने त्यावर ताबा मिळवायला शिकलं पाहिजे. या मुलीकडे ती तयारी नव्हती."

मी कधी उभी राहिले ते मला समजलं नाही.

"मॅडम, ती हसत नाहीये."

"असं तुला का वाटतं?"

"ती अशीच रडते."

"म्हणजे?"

"लहानपणापासून. आधी घशातून हसल्यासारखा आवाज येतो, दात दिसतात, आणि मग रडू येतं. क्लिप आधी कापली म्हणून दिसत नाही. माझी बहीण आहे ती."

 मॅडमनी संगणक बंद केला आणि म्हणाल्या, "आजचा तास इथेच थांबवू."

नंतर त्यांनी मला खोलीत बोलावलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"ती नावांची पट्टी मी दिली होती," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटलमधून फोन आला, मी चार नावं कागदावर लिहिली आणि कॅमेऱ्याच्या खालून वाकत जाऊन तिच्या हातात दिली. आपल्या मुलांची बातमी बाहेरच्यांच्या आधी आपण द्यायला हवी, असं मला वाटलं. का वाटलं, ते मला आज सांगता येत नाही."

"हे तुम्ही वर्गात सांगत नाही."

"नाही सांगत."

 मग त्यांनी विचारलं, "तीन नावं तिने नीट वाचली. चौथ्याला काय झालं?"

मी म्हटलं, "ते सांगायचं तर ती सांगेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. हुशार बाई आहेत. मला वाटतं, त्यांना समजलं.

क्लिप यापुढे दाखवणार नाही, असं म्हणाल्या. मी आभार मानले नाहीत. मानायला हवे होते का?

मुंगी


३० सप्टेंबर

ताई,

घरी सांगितलं. जेवताना. दुसरी वेळ सापडेना, एरवी तिघं तीन खोल्यांत असतो.

मी म्हटलं, "आज ना उद्या तुमच्या कानावर येईल, म्हणून मीच सांगते. वर्गात ताईची क्लिप दाखवली. मी उभं राहून सांगितलं, की ती हसत नव्हती, रडत होती." बाबांचा घास हातातच राहिला.

मग मी आईला विचारलं. मामा गेला तेव्हा सगळ्यांदेखत तुला तसंच रडू आलं होतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या होत्या. तेव्हा आईच पुढे झाली आणि म्हणाली, "अहो, ती रडतेय. तिचं रडणंच तसं आहे." मला चांगलं आठवतं, मी तिच्या मागेच उभी होते.

"मग त्या वेळेला का नाही सांगितलंस, आई?"

आई ताटाकडे बघत राहिली. "मला पहिल्या क्षणाला समजलं होतं," ती म्हणाली. "मी पोटच्या पोरीचं रडणं ओळखणार नाही का?"

"मग?"

"दारात माणसं उभी होती गं. दुकानाची काच फोडली होती. मी म्हटलं ह्यांना, की सांगून टाकू, ती रडत होती. तर हे म्हणाले..."

ती थांबली. बाबांनीच पुढचं सांगितलं. आवाज अजिबात न चढवता.

"मी म्हणालो, रडत होती म्हटलं तर लोक विचारतील, कुणासाठी. तीन नावं सरळ वाचली आणि चौथ्याला रडली, म्हणजे चौथा कोण होता. त्याचं उत्तर आपल्याकडे आहे का? मला वाटलं, पोरगी हसली तर पोरकट म्हणतील आणि सोडून देतील. हसण्याचं लोक विसरतात."

म्हणजे त्यांना माहीत होतं, ताई. दोघांनाही. मला आजवर वाटत होतं, की जगाचा झाला तसा त्यांचाही गैरसमज झाला. आणि म्हणून त्यांनी तुला त्या पांढऱ्या भिंतीपुढे बसवून फोनसमोर माफी मागायला लावली. आवाज नीट यावा म्हणून मला पंखा बंद करायला सांगितला होता. "मी हसले, याबद्दल मला क्षमा करा." बाबांनी लिहून दिलेलं वाक्य. तू ते अडखळत वाचलंस म्हणून पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा तू बातम्या वाचतेस तसं वाचलंस, एकही चूक न करता. चार दिवसांनी तू नव्हतीस.

मी बाबांना म्हटलं, "तिचा माणूस गेला होता." त्यांनी हात धुतला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आईने माझ्या ताटात आणखी वाढलं. मी खाल्लं. का खाल्लं, देव जाणे.

मला त्यांचा खूप राग आलाय आणि तो धड करताही येत नाही. बाबांना बसताना गुडघ्यावर हात ठेवावा लागतो आता.

मुंगी


१८ नोव्हेंबर

ताई,

काल त्या अपघाताला सात वर्षं झाली. विभागात दर वर्षी छोटासा कार्यक्रम असतो, चारही घरची माणसं येतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना कामं वाटून देतात. माझ्याकडे ध्वनिमुद्रण आलं. मी मागून घेतलं नव्हतं, चिठ्ठी तशी निघाली.

कानाच्या आई आल्या होत्या. त्यांच्या साडीला माईक मी लावला. माईक दोनदा निसटला, तर त्याच म्हणाल्या, "घाबरू नकोस, मला सवय आहे. माझा मुलगा घरभर माझ्या मागे माईक घेऊन फिरायचा."

मग त्या बोलायला उभ्या राहिल्या आणि मी मागे हेडफोन लावून बसले. त्यांचा आवाज थेट माझ्या कानात येत होता, जसं काही त्या मलाच सांगतायत. त्याच्या लहानपणाबद्दल बोलल्या. छान बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "सगळं सोसलं. एकच गोष्ट गिळता आली नाही. माझ्या मुलाचं नाव वाचताना एक मुलगी हसली होती. ते मला अजून ऐकू येतं."

अपघातानंतर त्या जाब विचारायला आपल्या घरी आल्या होत्या, तेव्हाचं मला लख्ख आठवतं. मी दाराआड होते. तू समोर उभी होतीस, मान खाली घालून, आणि एक शब्द बोलली नाहीस. तुझ्या जागी मी असते तर बोलले असते का? त्यांच्यासमोर, त्या अवस्थेत, आपल्या आईवडिलांदेखत?

ताई, मला त्यांना सांगायचंय. गोष्ट तुझी आहे, म्हणून विचारते. तुला नको असेल तर नुसता कोरा कागद पाकिटात घालून पाठव, मी समजेन आणि तोंड शिवून घेईन. पुढच्या महिन्याच्या मध्यापर्यंत वाट बघते.

मुंगी


१९ डिसेंबर

ताई,

कोरा कागद आला नाही. तुझा होकार आहे असं म्हणायचं धाडस मी करत नाही. नकार आला नाही, एवढंच धरलं आणि गेले.

त्यांची रोपवाटिका आहे गावाच्या त्या टोकाला. जाळीखाली हजारो कुंड्या, आणि त्या जमिनीवर बसकण मारून पिशव्यांत माती भरत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "तू त्या दिवशी माईक लावलास ना? काय हवंय? फुलाचं की नुसत्या पानाचं?"

"झाड नकोय, काकू. एक सांगायचंय. बातम्या वाचणारी ती मुलगी माझी बहीण आहे."

त्यांचा हात थांबला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. स्टुडिओ, हेडफोन, खोलीचा आवाज. तू कशी रडतेस ते. घरी काय ठरलं आणि तुझ्याकडून काय वदवून घेतलं ते.  त्या ऐकता ऐकता पुन्हा माती भरायला लागल्या, एक पिशवी, दुसरी पिशवी, पार काठोकाठ.

मग म्हणाल्या, "त्या रविवारी तो एकीला घरी आणणार होता. नाव सांगेना. म्हणे, तूच ओळख. मी नवे कप आणून ठेवले होते."

मी एक रिकामी पिशवी त्यांच्यापुढे सरकवली.

"तो गेल्यावर भेटायला कितीतरी मुली आल्या. वर्गातल्या, कुठल्या कुठल्या. मी प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत बसायचे. ही असेल का, ही असेल का. नंतर रस्त्यातही बघायचे. आणि जी होती, तिच्याच दारात जाऊन मी..." त्या थांबल्या. "मी तिला काय म्हणाले होते, तुला आठवतं?"

"हो."

"म्हणून दाखव."

"नको, काकू."

"म्हण. माझ्याच तोंडचं आहे. मला ऐकू दे."

मी म्हटलं. "तुझ्यावरही अशीच वेळ येवो, म्हणजे तुला कळेल."

त्या बराच वेळ मातीत हात घालून बसून राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "आलेलीच होती गं तिच्यावर."

त्यांनी तुझा पत्ता मागितला. मी दिला नाही, मैत्रिणीला शब्द दिलाय. त्यांचा फोन नंबर या पत्राच्या मागे लिहितेय. फोन कर असं मी म्हणणार नाही. त्यांनीही तसं म्हटलं नाही. म्हणाल्या, "नंबर नुसता तिच्याकडे असू दे."

निघताना त्यांनी मला एक रोप दिलं. नाव विचारायचं राहून गेलं.

मुंगी


१६ जानेवारी

ताई,

इथल्या दोन गोष्टी.

एक, मॅडमनी निवेदनाच्या तासाला क्लिपऐवजी स्वतःची गोष्ट सांगितली. पट्टी कुणी लिहिली, कुणी दिली, सगळं. एका मुलाने विचारलं, "मग चूक कुणाची, मॅडम?" त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला जिची चूक म्हणून दाखवत होते, तिची नव्हती." 

दुसरी गोष्ट बाबांची. मागच्या आठवड्यात ते विभागात आले. दुकान बंद ठेवून. मी त्यांना या इमारतीत पहिल्यांदाच पाहिलं. त्या चार फोटोंसमोर उभे राहिले आणि मला विचारलं, "यातला कोणता?" मी दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "चष्मा लागला असता याला लवकरच. बारीक डोळे करून बघतोय."

मग म्हणाले, "मला कॅमेऱ्यासमोर बसव. मी सांगतो, की ती माफी खोटी होती, मी लिहून दिली होती. टाक ते सगळीकडे."

ताई, मला रडू फुटेल असं वाटलं. पण मी नाही म्हटलं. म्हटलं, "बाबा, तिला विचारल्याशिवाय आता तिच्याबद्दल आपण जगाला काहीही सांगायचं नाही. खोटं नाही आणि खरंही नाही." ते म्हणाले, "बरोबर आहे." आणि जिना उतरून गेले. वाटेत एकदा कठड्याला धरून थांबले.

तुला हवं असेल तर सांग, ते आजही तयार आहेत.

आईने तुझं पांघरूण उन्हात टाकलंय. मी विचारलं, "कशाला?" तर म्हणाली, "कुबट वास येतो." दर आठवड्याला टाकते. येतेस का, असं मी विचारणार नाही. पण पांघरूण उन्हात आहे, एवढं तुला माहीत असावं.

मुंगी


२७ फेब्रुवारी

ताई,

तू लिहू नकोस म्हणालीस. हे शेवटचं, निरोप पोहोचला म्हणून कळवायला.

काकूंनी मला बोलावून घेतलं. पाणी दिलं, बसवलं, आणि म्हणाल्या, "रविवारी ती आली होती."

 मी पहिल्यांदा काय विचारलं असेल? "कशी दिसते?"

"केस आखूड केलेत. बारीक झालीये, पण तब्येत बरी आहे." मग जरा थांबून म्हणाल्या, "बरोबर मुलगी होती. दोन-अडीच वर्षांची. सगळ्या कुंड्यांना पाणी घालत फिरली, एकाच झाडाला दहादा."

मला मावशी होऊन अडीच वर्षं झाली आणि ते मला एका रोपवाटिकेत कळलं.

काकू म्हणाल्या, "मी तिची माफी मागायला लागले, तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. त्याची खोली दाखवा म्हणाली. मी दार उघडून दिलं. तासभर एकटी बसली आत. मी पोरीला सांभाळलं. बाहेर आली तेव्हा चहा प्यायली, त्या कपांतून. बाकी आम्ही काय बोललो ते विचारू नकोस."

"माझ्यासाठी काही..."

"सांगितलंय ना. तिने म्हटलं तसंच सांगते. मुंगीला सांगा, पत्रं सगळी वाचली. तिने जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नाही. पण आता नको लिहू म्हणावं. तिचं अक्षर दिसलं, की मी परत त्या पांढऱ्या भिंतीपुढे बसलेली असते."

"माझ्यावर रागावलीये का, काकू?"

"नाही गं," त्या म्हणाल्या. "रागावलेलं माणूस कधी ना कधी भांडायला तरी येतं. तिच्यात राग नाही उरला."

"आणि आई-बाबांबद्दल?"

काकूंनी पदराने हात पुसले. सांगू की नको असं त्यांचं चाललं होतं. मग म्हणाल्या, "जाताना विचारत होती, बाजाररस्त्यावरून न जाणारी बस मिळेल का. नदीकडून एक जाते. मीच बसवून आले."

घरी आल्यावर मी दोघांना एकदम सांगितलं. ताई आली होती. बरी आहे. तिला मुलगी आहे. त्यांनी नातीबद्दल विचारलं त्याची उत्तरं माझ्याकडे नव्हती. आईने विचारलं, "कुणासारखी दिसते?" मी म्हटलं, माहीत नाही. ती आत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. बराच वेळ पाणी वाहत होतं. मी बंद करायला गेले नाही.

बाबा खुर्चीतच होते. म्हणाले, "किती वाजता गेली?"

"चारच्या सुमाराला."

"रोपवाटिकेकडून स्टँडला जाणारी चारची बस आपल्या दुकानावरून जाते. मी त्या वेळी दारातच असतो, काचा पुसत. उजेड चांगला असतो." मग जरा वेळाने म्हणाले, "मला बघितलं असेल तिने."

मी म्हटलं, "बघितलं असेल, बाबा."

"म्हातारे झाले, म्हणाली असेल."

"म्हणाली असेल."

नदीकडच्या बसचं मी त्यांना सांगितलं नाही आणि सांगणार नाही. तेवढं माझ्याजवळ राहू दे. तुझ्यावर माझा काही आरोप नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही तीच बस विचारली असती.

माझी पत्रं तुला त्रास द्यायला नव्हती, हे तुला माहीत असेलच. पोरीला माझा पापा दे. कुणाचा, ते सांगायची गरज नाही.

मी कालच दुकानावर गेले होते. बाबा आता रोज इस्त्रीचा शर्ट घालून येतात. चार वाजायला आले की हातातलं काम ठेवतात, गिऱ्हाईक असलं तरी "एक मिनिट हं" म्हणतात, आणि दाराबाहेर पायरीवर येऊन उभे राहतात. बस येते, थांबते, माणसं चढतात-उतरतात, बस जाते. ते हात वर करत नाहीत. नुसते उभे राहतात, खिडकीतून नीट दिसेल असे.

मुंगी